अडीच टनी शनिवार

"वीकएंडला काय करतोस?" हा प्रश्न आमच्या क्षेत्रात तसा सोपा. ट्रेकिंग, फोटोग्राफी, मॅरेथॉनची तयारी, गेला बाजार नुसतं लोळणं, यातलं काहीही सांगितलं की समोरच्याचं समाधान होतं. मी खरं उत्तर देतो: "शेजाऱ्याच्या ट्रकखाली झोपतो." मग दोन सेकंद शांतता. आणि मग हळूच, "म्हणजे... नक्की काय?"

तर मंडळी, नक्की काय ते आज एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

मी राहतो अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एका छोट्या गावात. आजूबाजूला मक्याची शेतं, आणि शेजारी एक गृहस्थ, ज्यांना आम्ही घरात 'सार्जंटकाका' म्हणतो. पंचाहत्तरी ओलांडली आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात ते अमेरिकी लष्करात होते, पण बंदूक घेऊन नाही, पाना घेऊन. जर्मनीतल्या एका तळावर मोटार पूलमध्ये ट्रक दुरुस्त करायचे. निवृत्त झाल्यावर लोक नातवंडांना सांभाळतात. यांनी १९९८ साली सरकारी लिलावातून लष्कराचा एक जुना ट्रक घरी आणला. काकूंचं त्यावरचं मत मी इथे लिहीत नाही.

ट्रकचं नाव एम३५ए२. लाडाचं नाव 'ड्यूस अँड अ हाफ', म्हणजे अडीच. रस्ता नसेल तिथे अडीच टन माल न्यायचा, म्हणून अडीच; चांगल्या रस्त्यावर याच्या दुप्पट चालतो. तीन अ‍ॅक्सल, दहा चाकं, आणि गरज पडली तर दहाच्या दहा चाकांना इंजिनाची ताकद. रिकामा उभा असला तरी सहा टनांच्या आसपास. या घराण्याचे ट्रक १९५० पासून अमेरिकी लष्करात होते. आमचा (बघा, 'आमचा' झाला!) १९६८ सालचा, कायसर-जीपच्या साउथ बेंडच्या कारखान्यातला. साउथ बेंड याच राज्यात, उत्तरेला. म्हणजे स्वारी जगभर फिरून माहेरीच परत आलेली.

या ट्रकला चावी नाही. खरंच नाही. डॅशबोर्डवर एक खटका वर करायचा, बटण दाबायचं, की इंजिन सुरू. बंद करायला एक दांडी बाहेर ओढायची, डिझेल तुटतं आणि इंजिन थांबतं. युद्धात चावी हरवली म्हणून ट्रक अडून बसायला नको, हा विचार. (चोरी होऊ नये म्हणून काका स्टिअरिंगला साखळी आणि कुलूप लावतात, आपल्याकडे सायकलला लावतात तसं.) वीज २४ व्होल्टची, दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे, म्हणजे सोडवायचा म्हणून जो जोर लावाल त्याने तो आणखी आवळला जाणार. इंजिन 'मल्टिफ्युएल': डिझेल, केरोसीन, विमानाचं इंधन, आणि अगदीच वेळ आली तर पेट्रोलसुद्धा चालतं.

हे असं काहीही पचवणारं इंजिन ज्या पद्धतीने जळण जाळतं ती पद्धत मूळ जर्मन, 'मान' कंपनीत विकसित झालेली. हे नाव वाचून काही जणांचे कान टवकारले असतील. आपल्या लष्कराचा 'शक्तिमान' ट्रक जबलपूरला १९५९ पासून बनू लागला तो याच 'मान'च्या परवान्यावर! पुण्यात खडकी, देहूरोडच्या बाजूला ज्यांचं लहानपण गेलं त्यांना ते हिरवं, नाक पुढे आलेलं धूड आठवत असेल. म्हणजे सार्जंटकाकांचा ट्रक आणि आपला शक्तिमान लांबचे का होईना, भाऊबंद निघाले. आणि हे वेड फक्त अमेरिकेतलं आहे असंही नाही. धोनीने २०१९ मध्ये लष्कराची जुनी जोंगा रांचीला आणली तेव्हा तिचे फोटो आपण सगळ्यांनीच बघितले होते. फरक इतकाच की धोनीला कोणी "म्हणजे नक्की काय?" असं विचारत नाही.

असो. मुद्द्यावर येतो.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. लोखंडाशी संबंध एफईच्या वर्कशॉपमध्ये फाईल घासून बोटांना फोड आणण्यापुरता. तरी मी या ट्रकमध्ये अडकलो, त्याचं कारण त्याचं इंजिन नाही, त्याचं पुस्तक. लष्कराच्या प्रत्येक गाडीला 'टेक्निकल मॅन्युअल' असतं. याचं टीएम ९-२३२०-३६१. चालकाचा भाग वेगळा, तुकडीतल्या मेकॅनिकचा वेगळा, मोठ्या वर्कशॉपचा वेगळा. पुस्तकाचा गृहीत धरलेला वाचक म्हणजे अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, ज्याने आयुष्यात ट्रक उघडलेला नाही, जो थकलेला आहे आणि ज्याच्या आजूबाजूला विचारायला कोणी नाही. (ऑन-कॉलवर रात्री तीन वाजता उठलेला मी म्हणजे साधारण हाच वाचक.)

त्यात बिघाड शोधायचे तक्ते आहेत. आधी लक्षण. त्याखाली पायरी पहिली: काय बघायचं. तसं दिसलं तर काय करायचं. नाही दिसलं तर पायरी दुसरी. स्वस्त, सोपी, हात काळे न करता होणारी तपासणी आधी, इंजिन उतरवायची भाषा सगळ्यात शेवटी. आणि बिघाड नसतानाचं वेगळं कोष्टक: निघण्यापूर्वी काय बघायचं, चालवताना काय बघायचं, परत आल्यावर काय बघायचं. लष्कराला हे इतकं महत्त्वाचं वाटायचं की देखभाल शिकवायला त्यांनी १९५१ मध्ये 'पीएस' नावाचं मासिक काढलं आणि त्यात चित्रं काढायला विल आयझनर या नामांकित कॉमिक्सकाराला बसवलं. ग्रीस कुठे लावायचं हे कॉमिक्समधून! आमच्या कंपनीचं ऑनबोर्डिंग डॉक्युमेंट वाचल्यावर मला आयझनरची फार आठवण येते.

आता गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट.

मे महिन्यात ब्रेक ऑइल कमी होऊ लागलं. एकदम नाही, थोडं थोडं. ड्रायव्हरच्या पायाखाली फळीत एक झाकण आहे, ते काढलं की मास्टर सिलिंडर दिसतो. काका दर शनिवारी ते उघडून बघतात. दोन आठवडे सलग पातळी खाली. खाली जमिनीवर मात्र एक थेंब नाही.

इथे या ट्रकचे ब्रेक कसे चालतात ते सांगायला हवं. पायाने पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधलं ऑइल दाबलं जातं. पण सहा टनांचं धूड नुसत्या पायाच्या जोरावर थांबायचं नाही, म्हणून मध्ये 'एअर-पॅक' नावाचा एक नळकांड्यासारखा भाग आहे. तो कॉम्प्रेसरच्या हवेच्या जोराने ऑइलचा दाब वाढवतो आणि सहाही ठिकाणच्या ब्रेककडे पाठवतो. हवा गेली तर पेडल दगडासारखं घट्ट होतं, पण थोडाफार ब्रेक लागतो. ऑइल गेलं तर मात्र संपलं. कारण सहाही ब्रेकना मिळून ऑइलचं सर्किट एकच. कुठल्याही एका चाकाचा सिलिंडर फुटला, एखादा रबरी होज फाटला, की सगळे ब्रेक एकाच वेळी गेले. अमेरिकेत १ जानेवारी १९६८ पासून नव्या प्रवासी मोटारींना दोन वेगळी सर्किट सक्तीची झाली. आमचा ट्रकही १९६८चाच, पण लष्करी. त्याला एकच.

आमच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. डिझाइन रिव्ह्यूमध्ये असलं काही दिसलं की आम्ही भुवया उंचावतो. इथे तो पॉइंट माझ्या डोक्यावर टांगलेला होता आणि त्याचं वजन सहा टन होतं.

सल्ले भरपूर मिळाले. एक जाणकार म्हणाला मास्टर सिलिंडर बदला, दुसरा म्हणाला सहाही चाकांचे सिलिंडर बदला, जुनेच झालेत. या ट्रकचा एक ड्रम उघडायचा म्हणजे चाक काढा, अ‍ॅक्सलचा दांडा ओढा, बेअरिंगचा मोठा नट खास सॉकेटने सोडवा, मग हबसकट ड्रम बाहेर. असे सहा! काका दोघांचंही शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बघू." मग माझ्याकडे वळून, "ऑइल कधी कमी होतं ते कोणी विचारलं का?"

नव्हतं विचारलं.

मग आम्ही ओळीने गेलो. पहिला आठवडा: ऑइल काठोकाठ भरलं, पातळीला खूण केली, ट्रक जागचा हलवला नाही. शनिवारी पातळी तशीच. म्हणजे नुसतं उभं असताना गळत नाही. दुसरा आठवडा: शेताकडेच्या मोकळ्या रस्त्यावर वीस वेळा ब्रेक मारले, परत आलो, पातळी खाली. म्हणजे दाब आला तरच जातंय. मग मी टॉर्च आणि पांढरं फडकं घेऊन खाली शिरलो. सहाही चाकांच्या आतल्या बाजूला, ड्रमच्या खालच्या कडेला फडकं फिरवलं. लष्कराने १९८०च्या दशकात या गाड्यांमध्ये सिलिकॉनचं ब्रेक ऑइल आणलं. ते जांभळं असतं, त्यामुळे फडक्यावर लगेच कळतं. (साध्या ब्रेक ऑइलमध्ये ते चुकूनही मिसळायचं नाही.) सहाही फडकी काळी झाली, जांभळं एकही नाही. होज कोरडे. मास्टर सिलिंडरचं रबरी टोपण कोरडं.

बाहेर कुठेच नाही, तर आत कुठेतरी. ऑइलच्या शेजारी 'आत' असलेली दुसरी जागा एकच: एअर-पॅकची हवेची बाजू. काकांनी वरून, खुर्चीत बसून सांगितलं, "हवेच्या बाजूची नळी सोड. खाली वाटी धर." (त्यांचे गुडघे आता खाली वाकू देत नाहीत.) मी नळी सोडली, आणि वाटीत जांभळं ऑइल आलं. फार नाही, चहाच्या बशीभर.

ऑइल आणि हवा यांच्या मधलं सील झिजलं होतं. प्रत्येक ब्रेकला थोडंसं ऑइल हवेच्या बाजूला सरकत होतं. सहापैकी एकही ड्रम न उघडता, एकही भाग अंदाजाने न बदलता बिघाड सापडला. एअर-पॅक उतरवला, सील बदलली, परत चढवला, आधी एअर-पॅकची आणि मग चाकाचाकाची हवा काढली. त्यात दोन शनिवार गेले. मग पुन्हा वीस ब्रेक. पातळी खुणेवर. मी खूश!

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ४ जुलै जवळ आला होता.

दरवर्षी गावच्या मिरवणुकीत काकांचा ट्रक असतो. मागे दोन्ही बाजूंच्या लाकडी बाकांवर त्यांचे जुने लष्करी मित्र बसतात, सगळे सत्तरीच्या पुढचे. या वर्षी माझे आई-बाबा पुण्याहून आले होते, आणि आईने जाहीर करून टाकलं होतं की तीही मागे बसणार. काका खूश. "मॅडमना पहिली सीट," म्हणाले.

मला मात्र झोप लागेना. आम्ही एक सील बदललं होतं. पन्नास वर्षांपूर्वीच्या आराखड्यातली बाकीची प्रत्येक नळी, प्रत्येक होज, सहाही सिलिंडर अजून त्या एकाच सर्किटवर होते. बिघाड दुरुस्त झाला होता, धोका तिथेच होता. दुसऱ्या दिवशी मी काकांना तसं सांगितलं. जरा भीतभीतच, म्हाताऱ्या माणसाच्या ट्रकला नावं ठेवायची म्हणजे काय गंमत आहे?

ते रागावले नाहीत. म्हणाले, "मग तुला काय वाटलं, आम्हाला माहीत नव्हतं? ब्रेक आहेतच असं धरून जो ट्रक चालवायचा, त्याला आम्ही स्टिअरिंगला हात लावू देत नव्हतो."

मग त्यांनी सांगितलं ते असं. काही हौशी लोक दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर बसवून घेतात, आणि तेही हिवाळ्यात बसवतील. पण तोवर ब्रेकवर भार येईल अशी वेळच येऊ द्यायची नाही. मिरवणूक चालते माणसाच्या चालीने. ट्रान्स्फर केस 'लो'मध्ये आणि गिअर पहिला ठेवला तर ट्रक मुळात त्याहून जोरात पळूच शकत नाही. पाय उचलला की इंजिनच त्याला धरून ठेवतं. हँडब्रेक या ऑइलवर चालत नाही, तो मागे जाणाऱ्या शाफ्टला धरतो, म्हणून तो वेगळा तपासायचा: त्यांच्या घराच्या उतारावर ट्रक उभा करून. पुढच्या पथकापासून तीन ट्रकांचं अंतर. आणि दोन्ही बाजूंना एकेक माणूस चाकाखाली लावायचे लाकडी ठोकळे घेऊन चालणार.

हे सगळं आम्ही केलं. हँडब्रेक उतारावर पहिल्यांदा पुरेसा धरला नाही, आवळावा लागला. ठोकळे घेऊन एका बाजूला मी चाललो, दुसऱ्या बाजूला बाबा, डोक्याला रुमाल बांधून. आई मागे बसली होती, चार माजी सैनिकांच्या मध्ये, पंजाबी ड्रेस आणि हातात छोटा अमेरिकी झेंडा. टर्बोची शिट्टी एवढी मोठी की बोलणं ऐकू येत नव्हतं, तरी ती सबंध वेळ त्यांच्याशी मराठी-इंग्रजीत काहीतरी बोलत होती. ब्रेकला काही झालं नाही. ठोकळे शेवटपर्यंत हातातच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी माझे खांदे दुखले.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक गोष्ट बसली आहे. आम्हाला कामात बिघाड काढून टाकायची सवय असते. तिकीट उघडलं, कारण सापडलं, दुरुस्ती केली, तिकीट बंद. पण काही दोष बंद होत नाहीत. ते यंत्राच्या आराखड्यातच असतात. आराखडा बदलेपर्यंत, आणि कधीकधी तो बदलताच येत नाही तेव्हा कायमचंच, त्यांच्यावर लक्ष ठेवून राहावं लागतं. निघण्यापूर्वी, चालवताना, परत आल्यावर. दर शनिवारी झाकण उघडून पातळी बघणारे काका काहीच 'फिक्स' करत नसतात. पण त्यांनी ते बघितलं नसतं तर ऑइल कमी होतंय हे आम्हाला मिरवणुकीतच कळलं असतं.

आणि मिरवणुकीनंतर मला दुसरा सिंगल पॉइंटही दिसू लागला. तो म्हणजे काका स्वतः. कुठला आवाज नेहमीचा, कुठला नवा. हँडब्रेक किती आवळायचा. थंडीत इंजिन किती वेळ तापवायचं. हे सगळं एका पंचाहत्तरी ओलांडलेल्या डोक्यात. त्याची दुसरी प्रत कुठेच नाही. त्यांच्या मुलीला ट्रकमध्ये रस नाही, आणि तिचं काही चुकतही नाही.

हे मी त्यांना सांगितलं नाही. असलं काही तोंडावर कसं बोलणार? पण बहुतेक त्यांच्याही मनात तेच आलं असावं. कारण ऑगस्टमध्ये त्यांनी एक दिवस मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसले. तीन तास डबल क्लच शिकवला. त्याच आठवड्यात ट्रकची वही माझ्या हातात दिली. १९९८ पासूनची नोंद आहे त्यात: तारीख, किती मैल, काय बघितलं, काय केलं. शेवटचं पान त्यांच्या थरथरत्या अक्षरात, 'एअर-पॅकचं सील बदललं' एवढंच. त्याखालच्या नोंदी आता मी करतो. त्यांना मराठी येत नाही म्हणून इंग्रजीत, पण समासात मराठीतही लिहितो: कुठला पाना, कुठला आटा उलटा, काका काय म्हणाले.

दोन सर्किटचा मास्टर सिलिंडर येऊन पडलाय, गॅरेजात खोक्यात आहे. या शनिवारी जुना उतरवायचा. त्याआधी समोरच्या चाकांना ठोकळे लावायचे, ते वहीत पहिल्या ओळीत लिहिलंय.